फिल्टर की वेव्हशेपर: नादाच्या जातीचा प्रश्न कुठवर आला?

गोरेगावच्या फिल्मिस्तानचा 'नागिन' १९५४ साली आला आणि त्यातली बीन घराघरांत पोचली. ती पुंगीवर वाजलेली नव्हती. हेमंतकुमारांच्या त्या संगीतासाठी कल्याणजी वीरजी शाह यांनी क्लॅव्हिओलिन हे इलेक्ट्रॉनिक वाद्य वाजवले होते. फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्तँ यांनी १९४७च्या सुमारास बनवलेल्या या वाद्यात निर्वात नळ्यांचा ऑसिलेटर जवळजवळ चौकोनी, खरखरीत तरंग देई. पुढचे फिल्टर त्यातला काही भाग कापत, आणि शेवटचा ॲम्प्लिफायर मुद्दामच इतका दाबून चालवलेला असे की तरंगाचा आकार आणखी मोडे. त्या आवाजाचा बोचरेपणा बराचसा या मोडतोडीतून येतो.

तरंगाचा आकार जाणूनबुजून बदलणाऱ्या सर्किटांना आज वेव्हशेपर म्हणतात, आणि ॲनालॉग मॉड्युलर सिंथेसायझरच्या जगात त्यांच्याबद्दल साठ वर्षे चर्चा चालू आहे. आपल्या संगीतशास्त्रात नादाचे तीन गुण सांगितले जातात: तारता, तीव्रता आणि जात. वेव्हशेपरचा संबंध तिसऱ्याशी, म्हणजे सतारीचा षड्ज आणि बासरीचा षड्ज वेगळा का वाटतो याच्याशी. ज्या संगीतात स्वयंभू गंधार ऐकू आल्याशिवाय तंबोरा लागला असे कोणी म्हणत नाही, त्या संगीतात या सर्किटांचे काय स्थान असू शकते, हा या आढाव्यातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग आहे. त्याकडे जाण्याआधी थोडी पार्श्वभूमी पाहू.

सुरुवात कुठून झाली

१९६०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत दोन माणसे जवळजवळ एकाच वेळी एकाच प्रश्नाला भिडली. न्यू यॉर्क राज्यात रॉबर्ट मूग आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात डॉन बुक्ला. मूगच्या पद्धतीत उपस्वरांनी, म्हणजे मूळ कंप्रतेच्या पटीतल्या स्वरांनी, भरलेला तरंग, बहुधा करवती, आधी तयार करायचा आणि मग फिल्टरने त्यातले नको ते काढायचे. मॉर्टन सुबॉटनिक आणि रमोन सेंडर यांच्या टेप म्युझिक सेंटरसाठी यंत्र बनवणाऱ्या बुक्लाची वाट पुढे उलटी झाली: साधा साइन किंवा त्रिकोणी तरंग घ्यायचा आणि त्याचा आकार बदलून नवे उपस्वर निर्माण करायचे. सत्तरच्या दशकातला त्याचा २५९ क्रमांकाचा 'कॉम्प्लेक्स वेव्हफॉर्म जनरेटर' या विचाराचे पक्व रूप मानला जातो.

भारतात मूगचे मॉड्युलर यंत्र पहिल्यांदा आले ते मुंबईत नव्हे, अहमदाबादला. १९६९ साली राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, एनआयडीमध्ये, डेव्हिड ट्यूडर यांनी इलेक्ट्रॉनिक स्टुडिओ उभारून दिला. त्यामागे गीता साराभाई यांचा पुढाकार होता. अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा यांनी तिथे केलेल्या ध्वनिफिती कित्येक वर्षे कपाटात पडून होत्या; त्यांची निवड २०२३मध्ये प्रसिद्ध झाली.

मुंबईचा धागा चरणजित सिंग यांच्याकडे जातो. हिंदी चित्रपटसंगीतातल्या या वादकाने १९८२ साली एचएमव्हीसाठी 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी केली. हाताशी रोलँडची ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही यंत्रे होती. पुढे जगभर या तबकडीची चर्चा झाली ती ॲसिड हाउसची पूर्वज म्हणून. आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट ३०३च्या पोटात आहे. या यंत्रात दोनच तरंग निवडता येतात, करवती आणि चौकोनी, आणि तो चौकोनी तरंग स्वतंत्रपणे तयार होतच नाही. करवती तरंग एका ट्रान्झिस्टरच्या छोट्या सर्किटातून नेऊन त्याला जवळपास चौकोनी आकार दिला जातो. कडा पुरत्या सरळ नसतात, आणि त्या अपुरेपणातच ३०३ची ओळख आहे. म्हणजे भैरवी, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग त्या तबकडीवर आले तेव्हा यंत्रांच्या त्या संचात एक वेव्हशेपर हजर होताच. तो फिल्टरच्या आधी बसलेला असल्याने त्याचे नाव कोणी घेत नाही, इतकेच.

सर्किट आत काय करते

मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना हे सर्किट ओळखीचे असते. अंधेरीच्या भवन्स आवारात असो की विद्याविहारच्या सोमय्यात, 'क्लिपर'चा प्रयोग कोणाला चुकलेला नाही. ब्रेडबोर्डवर दहा किलोओहमचा एक रेझिस्टर, पुढे एकमेकांना उलटे जोडलेले दोन १एन४१४८ डायोड, एका बाजूने फंक्शन जनरेटरचा साइन तरंग आणि दुसऱ्या बाजूला सीआरओ. आवाजाचे बटण हळूहळू वाढवत नेले की सुरुवातीला पडद्यावर काहीच बदलत नाही. तरंगाची उंची साधारण ०.६ व्होल्टच्या आसपास गेली की माथा आणि तळ चपटे होऊ लागतात. जर्नलमध्ये आकृती काढली की प्रयोग संपतो. त्याच वेळी ते टोक एखाद्या छोट्या ॲम्प्लिफायरला जोडले, तर बासरीसारखा गोल स्वर सनईकडे झुकताना कानाला कळेल.

कारण असे. डायोडचा प्रवाह व्होल्टेजच्या प्रमाणात वाढत नाही, घातांकी वेगाने वाढतो. आत आलेल्या प्रत्येक व्होल्टेजला बाहेर कोणते व्होल्टेज द्यायचे याचा नकाशा सरळ रेषेत न राहता वाकतो. सरळ नकाशा स्वर फक्त लहानमोठा करतो, वाकडा नकाशा नवे उपस्वर जन्माला घालतो. नकाशा वर आणि खाली सारखाच वाकत असेल, म्हणजे दोन्ही डायोड एकसारखे असतील, तर मूळ कंप्रतेच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे विषम उपस्वरच येतात. एक डायोड काढून घेतला, किंवा आत येणाऱ्या तरंगाला थोडे स्थिर व्होल्टेज देऊन एका बाजूला सरकवले, की दुप्पट, चौपट, सहापट असे सम उपस्वरही शिरतात.

फिल्टर आणि शेपर यांच्यातला मूळ फरक इथे आहे. आत नसलेला उपस्वर फिल्टर देऊ शकत नाही, शेपर देतो. शिवाय शेपरमध्ये तीव्रता आणि जात एकमेकांत अडकलेली असतात: स्वर जोरात आत सोडला की तो उजळतो, हळू सोडला की मऊ होतो. खऱ्या वाद्यांचेही बरेचसे असेच असते.

घडी घालणारी सर्किटे

चपटे करण्यापुढची पायरी म्हणजे घडी, अर्थात वेव्हफोल्डिंग. इथे माथा कापला जात नाही. ठरावीक पातळी ओलांडली की तरंग उलट फिरतो, आणखी वाढला की पुन्हा वर वळतो. लुगड्याला निऱ्या घालाव्यात तशा एका लहरीत अनेक वळ्या पडतात. या कामाची तीन सर्किटे आज अभ्यासात नेहमी येतात.

पहिल्याचा जन्म संगीतासाठी झालेलाच नव्हता. १९७३ साली आर. लॉकहार्ट यांनी ट्रान्झिस्टरच्या संपृक्ततेचा उपयोग करून कंप्रता तिप्पट करणारे सर्किट प्रसिद्ध केले. एक एनपीएन आणि एक पीएनपी ट्रान्झिस्टर, जोडीला मोजके रेझिस्टर. सिंथेसायझर बनवणाऱ्यांनी ते उचलले आणि एकापुढे एक जोडले. दुसरे सर्ज चेरेपनिन यांचे 'वेव्ह मल्टिप्लायर', त्यातल्या मधल्या भागात घडी घालणाऱ्या सहा सारख्या पायऱ्या ओळीने असतात. तिसरे बुक्लाच्या २५९चे. त्यात पाच ऑप-ॲम्प घरे समांतर बसवलेली असतात आणि मूळ तरंग सहाव्या वाटेने थेट पुढे जातो. प्रत्येक घर वेगळ्या पातळीला जागे होते आणि सगळ्यांची बेरीज बाहेर पडते.

ओळीने आणि समांतर या दोन रचनांचा फरक कानाला चांगलाच जाणवतो. ओळीच्या रचनेत आधीच्या पायरीची चूक पुढची पायरी वाढवते, त्यामुळे आवाज लवकर रागीट होतो. समांतर रचनेत घडी कुठे पडावी हे बनवणाऱ्याला एकेक करून ठरवता येते. सर्जचे चाहते पहिल्याला जिवंतपणा म्हणतात, बुक्लाचे चाहते दुसऱ्याला नेमकेपणा म्हणतात, आणि दोघांचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे. डायोड-ट्रान्झिस्टरवाल्या सर्किटांना तापमानाचाही त्रास असतो. सिलिकॉन जंक्शनचे व्होल्टेज दर अंश सेल्सियसला सुमारे दोन मिलिव्होल्टने उतरते. वातानुकूलित स्टुडिओत लावलेली घडी मे महिन्याच्या मुंबईत, खिडकी उघड्या खोलीत, तशीच राहीलच असे नाही.

फिल्टरवाले आणि शेपरवाले

मूगला 'पूर्व किनारा' आणि बुक्लाला 'पश्चिम किनारा' म्हणायची पद्धत पडली आहे. फिल्टरच्या बाजूचे लोक म्हणतात की कानाला फिल्टरची हालचाल समजते: तोंड उघडावे-मिटावे तसा स्वर खुलतो आणि झाकतो, आणि बटण इतके फिरवले तर इतका फरक पडेल हे वादकाला आधी सांगता येते. शेपरमध्ये बटण किंचित सरकले तरी एखादा उपस्वर एकदम वर येतो आणि दुसरा गायब होतो. शेपरच्या बाजूचे लोक म्हणतात की फिल्टरची ती हालचाल इतकी परिचयाची झाली आहे की सगळी यंत्रे एकाच आवाजाची वाटू लागली. साध्या साइनमधून चढत जाणारी जात हेच इलेक्ट्रॉनिक वाद्याचे खरे नवेपण.

ही विभागणी आता बरीच सैल झाली आहे, आणि मुळातही ती तितकी कडक नव्हती. त्रिकोणी तरंगाचा साइन करणे हे अनेक ऑसिलेटरांत शेपरचेच काम असते, तर बुक्लाच्या लो-पास गेटमध्ये एक प्रकारचा फिल्टर असतोच. १९९०च्या दशकात डीटर डोपफर यांनी युरोरॅकची मापे रूढ केल्यापासून एकाच चौकटीत, त्याच अधिक-उणे १२ व्होल्टवर, दोन्ही बाजूंची मॉड्युले शेजारी बसतात.

मुंबईत ही यंत्रे आयात करणे महागात पडते, म्हणून हौशी मंडळी लोकल पकडून लॅमिंग्टन रोडला जातात आणि टीएल०७२, एलएम१३७०० अशा चिप आणून स्वतः जोडतात. गिटारवाल्यांची वाट थोडी सोपी झाली आहे, कारण 'ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन' ही मुंबईतलीच कंपनी डिस्टॉर्शनची पेडल बनवून जगभर विकते. पेडलचे सर्किट आणि सिंथेसायझरचा शेपर ही सख्खी भावंडे आहेत. अंधेरी-ओशिवऱ्याच्या स्टुडिओंत ती पेडल सर्रास वापरली जातात, पण मॉड्युलर चौकटीतला फोल्डर तिथे अजून पाहुणा आहे.

रागापुढे आल्यावर

आता आपल्या प्रश्नाकडे. षड्जावर सममित शेपर लावला की येणारे विषम उपस्वर कोणते, हे मांडून पाहू. तिसरा उपस्वर पंचम. पाचवा शुद्ध गंधार. सातवा कोमल निषादाच्याही खाली. नववा ऋषभ. अकरावा शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधोमध कुठेतरी. यमन किंवा भूप चालू असेल तर पंचम-गंधार घरचेच. पण मालकंसात पंचम वर्ज्य, गंधार कोमल. तिथे षड्जाच्या पोटातून हे दोन स्वर जोराने बाहेर आले तर काय करायचे?

गणित इथे डोळे उघडते. फोल्डरचा नकाशा साइनच्या आकाराचा धरला तर प्रत्येक उपस्वराची ताकद बेसल फलनांनी ठरते. आत जाणारी पातळी अशा मापाने ३.८३ला पोचली की मूळ षड्ज शून्य होतो आणि तिसरा उपस्वर, म्हणजे पंचम, सर्वांत बलवान ठरतो. पातळी ६.३८ केली की पंचम नाहीसा होतो आणि गंधार षड्जाच्या जवळपास दुप्पट होतो. कान अनुपस्थित षड्जही बाकीच्या उपस्वरांवरून ओळखतो, त्यामुळे स्वर हरवत नाही, पण रंग पार बदलतो. म्हणजे घडीचे बटण एका रागात अनुवादी रंग देऊ शकते आणि दुसऱ्या रागात वर्ज्य स्वर पुढे ढकलू शकते.

यावर दोन मते आहेत. एक म्हणते की तंबोऱ्यातही हे सारे असते: मालकंसाला तंबोरा मध्यमात लावला तरी षड्जाच्या तारेतून शुद्ध गंधार येतोच, आणि कोणी हरकत घेत नाही, कान त्याला स्वर म्हणून न मोजता रंग म्हणून मोजतो. दुसरे मत असे की तंबोऱ्यातला गंधार उमटतो आणि विरतो, त्याचा तोल तारेबरोबर सरकत राहतो, तर शेपरचा गंधार एका जागी ठाण मांडून बसतो आणि मग तो रंग न राहता स्वर होऊ लागतो. मला दुसरे मत अधिक पटते. पण त्याचा निष्कर्ष शेपर टाकून द्यावा असा होत नाही. स्थिर व्होल्टेजचे जे बटण सम उपस्वर आणते, ते रागसंगीतात घडीच्या बटणाइतकेच, कदाचित जास्त, महत्त्वाचे ठरावे. दुसरा, चौथा आणि आठवा उपस्वर म्हणजे वरचे षड्जच आहेत. तोल त्यांच्याकडे झुकवता आला तर वर्ज्य स्वराची भीड कमी होते.

दोन स्वर एकाच शेपरमधून गेले की आणखी एक अडचण येते. २४० हर्ट्झचा षड्ज आणि ३६० हर्ट्झचा शुद्ध पंचम एकत्र सोडले तर त्यांच्या बेरजा-वजाबाक्या १२० हर्ट्झच्या पटीत पडतात. खालचा षड्ज आपोआप उभा राहतो. तेच कीबोर्डच्या समविभाजित सप्तकात पंचम ३५९.६ हर्ट्झवर येतो. मग एक वजाबाकी ११९.६ आणि दुसरी १२०.४ देते, आणि दोन्ही मिळून सेकंदाला एकापेक्षा थोडी कमी अशी संथ लाट हलू लागते. गंधाराच्या बाबतीत तर शुद्ध ३००च्या जागी कीबोर्ड ३०२.४ हर्ट्झ देतो, आणि ती तफावत कानाला टोचते. शेपर बेसूरपणाला भिंगाखाली धरतो. म्हणून काही जण प्रत्येक स्वराला वेगळा शेपर देण्याच्या बाजूचे आहेत, आणि काही जण मुळात एकस्वरी वाद्यच ठेवावे म्हणतात.

जवारी हा वेव्हशेपर आहे का?

या प्रश्नावर मिरजेचे कारागीर आणि ध्वनिशास्त्रज्ञ एकाच वस्तूकडे बघत आहेत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण कानसेने घासून तिला अगदी हलका बाक दिलेला असतो; हीच जवारी. तार सुटताना त्या बाकावर लपेटत-सुटत जाते. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवतात. केसभर पुढे गेला की आवाज बंद, केसभर मागे आला की नुसती झणझण; मध्ये कुठेतरी एका जागी तार बोलू लागते. कारागीर ती जागा कानाने शोधतो, मापाने नाही.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरच्या लेखात एक चकित करणारे निरीक्षण नोंदवले. तार ज्या बिंदूवर छेडावी तिथे निष्पंद असलेला उपस्वर उमटू नये, असा जुना नियम. तंबोरा आणि वीणेत तो मोडतो: नसायला हवा तो उपस्वर ठळक ऐकू येतो. छेडताना आत नसलेली गोष्ट बाहेर आली, म्हणजे घोडी फिल्टरचे काम करत नाही, ती नवे उपस्वर घडवते. या अर्थाने जवारी शेपरच्या कुळातली आहे. १९८२मध्ये बरिज, कॅप्राफ आणि मोर्शेदी यांनी सतारीची तार एका बाजूने अडवलेली तार म्हणून गणिताने मांडली.

फरकही तितकाच खरा आहे. साध्या शेपरला स्मृती नसते: या क्षणी आत जे आहे त्यावरच बाहेरचे ठरते. तारेला स्मृती असते. घोडीवर घडलेला बदल तारेतून धावून परत घोडीवर येतो, पुन्हा बदलतो, आणि उंच उपस्वर थोडे पुढे पळत असल्याने आवाजातला झळाळ वरून खाली सरकत जातो. फक्त फोल्डर लावून जवारी मिळणार नाही. फोल्डरभोवती विलंबाचा फेरा बांधला तर मात्र अंतर कमी होते, आणि ॲनालॉगमध्ये हे बकेट-ब्रिगेड चिप वापरून करता येते.

संगणकाच्या आत

संगणकावर शेपरची कहाणी आधीपासून समांतर चालत होती. १९७९मध्ये मार्क ल ब्रन आणि दानिएल आर्फीब यांनी, प्रत्येकाने स्वतंत्रपणे, चेबिशेव्ह बहुपदी वापरून हवे ते उपस्वर मागून घेण्याची पद्धत मांडली. ॲनालॉग सर्किटांची हुबेहूब नक्कल मात्र अवघड निघाली. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या यंत्रात २२,०५० हर्ट्झच्या वरचे काही मावत नाही. २४० हर्ट्झच्या षड्जाचा १०१वा उपस्वर २४,२४० हर्ट्झवर पडतो. तो परावर्तित होऊन १९,८६० हर्ट्झवर उतरतो, आणि ती संख्या षड्जाच्या पटीत बसत नाही. असे अनेक परके स्वर जमले की आवाजाला काचेसारखी किरकिर येते. २०१६ सालच्या पार्कर, झावालिशिन आणि ल बिव्हिक यांच्या प्रतिअवकलनाच्या युक्तीने हा त्रास खूप कमी केला, आणि २०१७मध्ये फाबियन एस्केदा आणि सहकाऱ्यांनी लॉकहार्ट, सर्ज आणि बुक्ला २५९ या तिन्ही फोल्डरांची गणिती प्रतिरूपे प्रसिद्ध केली.

त्यामुळे 'ॲनालॉग की डिजिटल' हा वाद या एका सर्किटापुरता बराच शमला आहे. घडीचा आकार डिजिटलमध्ये नेमका येतो. उरतो तो स्पर्शाचा प्रश्न: तापलेला ट्रान्झिस्टर, जुळणी न झालेले डायोड, आणि बटण फिरवताना मध्ये न अडखळणारी सलगता यांना किती किंमत द्यायची, यावर वादकांचे एकमत नाही.

काय बाकी आहे

शेपरने किती आणि कोणते उपस्वर दिले हे मोजता येते, पण कानाला स्वर कधी 'भरलेला' वाटतो आणि कधी 'कर्कश', याचे सर्वमान्य माप नाही. रागानुसार ते बदलावे की नाही, हा तर वेगळाच प्रश्न. पवईच्या आयआयटीत हिंदुस्थानी संगीताच्या ध्वनिविश्लेषणावर बराच काळ काम चालू आहे. मिरजेच्या दोऱ्याची जागा आणि फोल्डरचे बटण एकाच तक्त्यावर मांडायला साधने अपुरी नाहीत. खुली जवारी आणि बंद जवारी यांमधल्या पायऱ्या कारागीर बोलून दाखवू शकतो, सर्किट बनवणारा त्या व्होल्टेजमध्ये लिहू शकतो, आणि ही दोन वर्णने जुळतात का हे तपासता येण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट वाजवण्याची. मींड घेताना तारता सरकते, तेव्हा जातही सरकावी का? सतारीत तार ओढली की ताण वाढतो आणि घोडीवरचे लपेटणे बदलते, म्हणजे तिथे दोन्ही बांधलेले आहेत. मॉड्युलर यंत्रात ते मोकळे असतात: एकच नियंत्रण-व्होल्टेज ऑसिलेटर, घडी आणि तोल (सम उपस्वर आणणारे ते स्थिर व्होल्टेज) या तिघांना द्यायचे, की प्रत्येकासाठी वेगळे, हे पॅच करणाऱ्याच्या हातात असते. युरोरॅकच्या बहुतेक फोल्डरांवर घडीला व्होल्टेजचे भोक असते, तोलाच्या बटणाला मात्र प्रत्येक ठिकाणी ते मिळत नाही. रागासाठी वाद्य बनवायचे असेल, तर पहिला बदल तिथे करावा लागेल.